केस पेपर

चौतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात.
परिषदेचा नोंदणी नंबर होता, तो नसेल
तर सुईला हात लावू देत नाही कुणी.
म्हणून फंडाचे पैसे खात्यावर आले तेव्हा
मी ज्याला त्याला तेच विचारत गेले :
नंबर दाखवा.

विश्रामबागेत काचेचं दार, आत गारठा.
धवल नावाचा मुलगा सिस्टर सिस्टर करत उठला.
भिंतीवर फ्रेमा. चष्मा लावून वाचल्या.
विभागात पहिला. विभागात पहिला. बँकॉक सहल, सपत्नीक.
शिकलात काय?
हसला. म्हणाला, अनुभव.
नोंदणी?
दाखवली. खरीच होती,
विकायच्या परवान्याची.
तेवढ्यात चहा आला, आणि वीस वर्षांचा विमा.
मी एकसष्टची. लग्न केलं नाही.
माझ्या जाण्यानं कुणाची चूल विझणार,
ते काही त्यानं विचारलं नाही.

वाईट नव्हता पोरगा.
औषधाच्या दुकानातला माणूस वाईट नसतोच,
गोळ्या देतो, मोड परत करतो,
वर सांगतो, रिकाम्या पोटी नको.
फक्त नाडी त्याच्या हातात नसते,
आणि कुठल्या पाकिटामागे त्याला किती सुटतात
ते काउंटरच्या अलीकडून दिसत नाही.

त्रिशला मगदूम बसतात सांगलीत, हळदीच्या अडतीवर,
म्हणजे वरच्या मजल्यावर. जिना पिवळा,
फायली पिवळ्या, पंख्याची पाती पिवळी.
नोंदणीचा कागद दाराशीच, मुदतीच्या तारखेसकट.
बसायच्या आत म्हणाल्या, फी तुमच्याकडून, पावतीसह.
दुसऱ्या कुणाकडून पैसा नाही.
महाग वाटली. खोटं कशाला बोलू,
कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणारी मी.

करता काय काय?
एकच शंका असेल तर तासाचं बोलणं.
सगळं मांडायचं तर आराखडा.
दरवर्षी तपासायचं, तर त्याचं वेगळं.
ओपीडी, ॲडमिट, फॉलोअप,
मी मनात म्हटलं.

मग त्यांनी कोरा कागद ओढला.
भाडं. गुडघा. चर्चचा दशांश धरू ना खर्चात?
बाजार पडून पाचाचे चार झाले
तर झोप लागेल?
(नाही लागणार, म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं.)
तासाभरात एकाही योजनेचं नाव निघालं नाही.
आधी केस पेपर, मग बाटली.
कितीतरी दिवसांनी ड्युटीवर असल्यासारखं वाटलं,
फक्त पलंगाच्या दुसऱ्या बाजूला.

शेवटी कागद उलटत म्हणाल्या,
सगळ्या खात्यांवर वारसाचा रकाना कोराच आहे, सिस्टर.

हजारो केस पेपर भरले मी.
जवळच्या नातेवाइकाचं नाव,
या रेघेवर कुणी घुटमळलं
की पेन आपटायचे टेबलावर.
सांगा लवकर, मागे रांग आहे.

खाली हमाल पोती उतरवत होते.
त्रिशलाबाईंनी पेन आपटलं नाही.
टोपण लावून ठेवलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

बुधवारी येऊन सांगते, म्हटलं.
पावतीवर हळदीचं बोट उमटलं होतं,
त्यांचं की माझं, कळेना.