नाव कमी करणे

सेलूच्या तहसीलमध्ये, पुरवठा शाखेत,
खिडकी क्रमांक तीनला
मी मुंजाजीचं नाव कमी करायला उभी आहे.
रेशन कार्ड, दोन झेरॉक्स, मृत्यूचा दाखला.
'नाव कमी करणे', अर्जावर असंच छापलंय,
पोत्यातून पाच किलो कमी करावेत तसं.

बापूंनी सकाळीच बजावलं,
कुणी विचारलंच, तर आजारी होता म्हण.
वर्षभर आम्ही तेच म्हणत आलो,
गोडजेवणाला, सोयऱ्याधायऱ्यांत, धाकटीच्या बैठकीत,
पटकन, मान खाली घालून,
फाटकी नोट मधे दडवून द्यावी तसं.

आक्काला कावीळ झाली तेव्हा
अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर होती.
कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळ्याचा पाला,
मानवतहून काविळीची माळ आली.
येईल ती बाई आक्काची पापणी खाली ओढून
डोळे बघायची.

मुंजाचे डोळे कुणी पाहिले?

मीही नाही.
मोटारी रिवाइंड करायचा तो,
तांब्याची तार बोटाभोवती अशी फिरायची की बघत राहावं.
दिवाळीनंतर दुकान दुपारी उघडू लागलं,
मग दिवसाआड, मग शटर खालीच.
भाकर मोडायचा आणि तशीच ठेवायचा.
एकदा पहाटे तीनला अंगणात बसलेला दिसला.
कामून बसलास? झोप की.
झोपच येईना गं, म्हणाला.
आणि मी, एवढं ऐकून, कूस बदलली.

जळालेल्या मोटारीला
मन घट्ट कर, असं त्यानं कधी म्हटलं नाही.
आम्ही त्याला म्हणालो. रोज.

नंतर गल्ली आली नाही असं नाही.
पारापर्यंत आली.
पिंपळावर मुंजा झालाय म्हणे.
अहो, तो जन्मला तेव्हापासूनच मुंजाजी होता,
नवसाचा.
माय अजून त्या रस्त्यानं जात नाही.
भुताला भिऊन नाही,
बायका बोलता बोलता गप्प होतात म्हणून.

भाषेनंही सोडलं नाही त्याला.
कावीळ होते. ताप येतो. साखर वाढते.
याच्या एकट्याच्या दुखण्याला
'केली'.
केली म्हटलं की कर्ता आला,
कर्ता आला की मागोमाग पंचनामा.

पुढच्या श्रावणात
मीच पहाटे तीनला अंगणात बसू लागले.
त्याच जागी.
तेव्हा परभणीच्या सरकारी दवाखान्यात गेले, कुणाला न सांगता.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं?
साखरेचं विचारतात त्याच आवाजात.
मी सांगितलं, सगळं.
त्यांचं पेन मधे कुठंही अडखळलं नाही.
केसपेपरवर आजाराचं नाव आलं,
खाली गोळ्या, खाली पुढची तारीख.
एवढंच होतं ते. एवढंसं कागदावर मावणारं.

वय एकतीस, खिडकीतले साहेब वाचतात.
काय झालं होतं?
मागची पिशवीवाली म्हातारी अर्धं पाऊल पुढं सरकते.
आजारी होता, मी म्हणते.
वाक्य बापूंचंच,
पण या वेळी ते तोंडात वेगळं लागलं.
वर्षभर खोटं म्हणून बोललो
ते खरंच होतं.

कशानं आजारी?
मनाचा आजार होता. त्यातच गेला.
औषध होतं, आम्हाला उशिरा कळलं.
मला पण आहे, साहेब. परभणीला दाखवते.

म्हातारी काही बोलली नाही.
साहेबांनी पट्टी धरून लाल रेघ ओढली,
सरळ, मुंजाजीवरून.
रेघेखाली नाव अजून वाचता येतं.
शिक्का मारला, कार्ड दिलं,
पण कार्डावरचा हात काढला नाही.

मान वर न करता विचारलं,
त्या बाई कोणत्या वारी असतात?
पोरगी आहे माझी. बारावीला.
रात्रभर जागी असते.

मंगळवारी आणि शुक्रवारी, मी म्हटलं.
नऊच्या आत केसपेपर काढा, गर्दी होते.
आणि तिला एकटीला पाठवू नका.