ओला कागद

तीस वर्षं मी कागद केला,
त्यावर ओळ एकही लिहिली नाही.
तीन नंबरच्या मशीनवर, बहुतेक रात्रपाळीला.
लगदा यायचा पाण्यासारखा, पाण्याहून किंचित दाट,
जाळीवर पसरायचा
आणि बघता बघता कागद व्हायचा.
पण ओला.
आमचा मुकादम ताइस्तो बजावायचा,
"ओल्याला बोट लावायचं नाही.
पुढे शंभर तापलेले रूळ फिरू देत,
उमटला तो ठसा उमटला."

कारखाना बंद पडला. त्याचा वासही गेला,
कुजक्या कोबीचा तो वास,
ज्याला नदीकाठी सगळे पगाराचा वास म्हणत.

मग मी लिहायला बसले.
वय अडुसष्ट, स्वयंपाकघरातलं टेबल,
बाहेर दुपारी दोनलाच बुडालेला दिवस.
लिहिलं एन्सिओबद्दल. माझा धाकटा भाऊ,
एप्रिलच्या फसव्या बर्फावर
निळी घसरगाडी घेऊन नदीत उतरला
आणि गाडी तेवढी सापडली.

हे छापणार कोण?
म्हणून दर रविवारी एक पान
मी फोनवरून उघड्यावर ठेवू लागले,
दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं,
आतलेसुद्धा.
पहिल्या रविवारी बटण दाबलं
आणि कॉफीकडे बघत राहिले. निवली तरी बघत राहिले.

निरोप येऊ लागले.
स्वीडनला गेलेला जुना फिटर उओलेवी:
"मंगळवार नव्हता तो. मंगळवारी मीच नदी ओलांडली,
बर्फ टिकून होता. शुक्रवार असणार."
एक परकी नर्स, तिचाही भाऊ, वेगळी नदी.
एका मास्तरांनी स्वल्पविराम मोजून पाठवले.
मी मंगळवार खोडला.
स्वल्पविराम राहू दिले. दम लागतो मला तिथे.

फेब्रुवारीत हेलसिंकीहून फोन.
प्रकाशनातली बाई, आवाज लोण्यासारखा.
"लिखाण आवडलं. पण चारशेजणांनी
आधीच वाचलंय ना हे?
आम्हाला कसं, अस्पर्श लागतं.
तेवढं काढून घ्या, मग बोलू."

अस्पर्श!
बाई, मी आयुष्यभर तेच तर केलं,
टनावारी.

तरी बसले काढायला. कोण नाही बसणार?
पुठ्ठ्याचं पुस्तक, पाठीवर नाव,
गावच्या वाचनालयात, मी पुसत असे त्या कपाटात.
एक पान काढलं, दुसरं काढलं.
दहावं काढून अकराव्यावर आले
तोच राकेलचा निरोप.
राकेल, मोठी बहीण. गेली एकोणीस वर्षं
आम्ही फक्त मयतीला भेटतो.
तीनच शब्द:
"गाडी लाल होती."

आणि तासाभराने,
"निळी माझी. त्याने मागितली, मी दिली नाही.
म्हणून तो जुनी लाल घेऊन गेला,
जिच्या पट्ट्या वाकल्या होत्या."

सत्तावन्न वर्षं.
मला आठवत होती ती निळी,
आमच्या लाकडाच्या खोपीत टांगलेली,
जिला कधी कुणी हात लावला नाही.
का लावला नाही, हे अकरा वर्षांच्या मला
कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे मी विचारलं नाही.

मी फोन लावला. गाडीचं बोललोच नाही.
गुडघे, बटाटे, तिच्या शेजाऱ्याचा भुंकणारा कुत्रा.
मध्येच ती गप्प झाली. मीही.
फोन कुणी ठेवला नाही.

अकरावं पान आता असं आहे:
"निळी" वर आडवी रेघ, पण वाचता येईल अशी,
शेजारी "लाल".
काढलेली दहा परत टांगली.
ताइस्तो, तुझं खरंच होतं रे, ठसा जात नाही.

हेलसिंकीला अजून उत्तर दिलेलं नाही.
आज रविवार. राकेल दुपारच्या बसने येतेय.
एक फोटो सापडलाय म्हणे तिला,
एन्सिओ, अंगण, आणि ती गाडी.
फोटो काळा-पांढरा आहे.