नमुना क्रमांक सात

कॅल्गरी. उणे चोवीस.
तेल कंपनीची जुनी इमारत, वय बावन्न,
सहा वर्षं रिकामी.
लिफ्ट मात्र अजून कंपनीचं नाव घेऊन
सुप्रभात म्हणते. तिला कुणी कळवलेलं नाही.

मार्गिट हलूश्का अकराव्या मजल्यावर
गुडघे टेकून भिंतीला ड्रिल लावते.
पाणी, राखाडी चिखल, दातांत कळ आणणारा आवाज,
आणि मग हातात येतो
मनगटाएवढा जाड, गार, ओला दंडगोल.
ती त्याच्यावर खडूने सात लिहिते
आणि जेवणाच्या डब्याशेजारी पिशवीत ठेवते.

पाडायचंच ठरलं होतं.
कागद तयार होते, यंत्रांची तारीखसुद्धा.
मग कुणीतरी विचारलं, हा एवढा राडारोडा न्यायचा कुठे,
आणि पुन्हा तितकंच सिमेंट भाजायचं,
पुन्हा तोच धूर, त्याच आकाशात?
बैठकीत भाषण वगैरे झालं नाही.
खर्चाचा आकडा दोनदा वाचला गेला, इतकंच.

प्रयोगशाळेत सात नंबर यंत्राखाली उभा.
किती भार पेलेल हे कळायचं
तर एक तुकडा मोडावाच लागतो.
काटा चढतो. नकाशात लिहिलंय पंचवीस.
तो पंचवीसला थांबत नाही, तिसालाही नाही.
काँक्रीट ओतलं की संपत नाही, मार्गिट म्हणते,
आतल्या आत घट्ट होत राहतं.
वर माणसं टाईप करतात, भांडतात, निवृत्त होतात,
याचं आपलं चालूच.
एक्केचाळीसला फट् झालं.
टेबलावरची कॉफी हलली.

खरी अडचण मधोमध आहे.
खिडकीपासून अठरा पावलांवर ऊन संपतं.
तिथे फायलींची कपाटं होती, आणि एर्लिंडा बाकुनावा,
एकोणीस वर्षं,
जिला बाहेर बर्फ पडतंय की नाही
ते लोकांच्या बुटांवरून कळायचं.
तिथे आता कुणाचं स्वयंपाकघर मांडणार?
म्हणून सगळ्या मजल्यांतून एक चौक कापायचा ठरलाय.
वाचवायची, तर आधी भोक.

मार्गिट फरशीवर खडूने चौकोन आखते.
एर्लिंडा आलीय घराचा अर्ज घेऊन,
कपाळावर घसरणारं हेल्मेट,
खडूच्या रेषेच्या बाहेरून चालते,
फरशीवर ओले ठसे.
"माझं टेबल इथे होतं," ती म्हणते.
मार्गिट रेषेकडे बघते. पुसत नाही.

साडेचार वाजलेत, अंधारून येतंय.
लिफ्ट म्हणते, सुप्रभात.