कॅप्टन ऑर्लिकचा नाताळ

आभाळ मी शिवलं होतं.
बारा वार काळं कापड, लेहटोलाच्या
अंत्यविधीच्या दुकानातून उसनं आणलेलं.
तो म्हणाला, जानेवारीच्या आत परत द्या,
थंडीत गिऱ्हाईक वाढतं.
कात्रीच्या टोकानं भोकं पाडली, मागे झाडावरचे दिवे लावले.
सप्तर्षी मोजून सात.
बाकीचे तारे मनाला येतील तिथे.

पोर्ट आर्थर, चोवीस डिसेंबर, सदुसष्ट साल.
सुपीरियर सरोवर धक्क्यापर्यंत गोठलेलं,
आणि चॅनेलच्या एकुलत्या एक स्टुडिओत
कॅप्टन ऑर्लिक, आकाशगंगेच्या सीमांचा रक्षक,
बक्कल लागत नाही म्हणून श्वास ओढून उभा.
एरवी तो राल्फ कांगास. टायर विकायचा.
(कांगास म्हणजे आमच्या फिनिशमध्ये कापड.
मी त्याला त्यावरून फार चिडवलं.)
शनिवारी सकाळी अर्धा तास विश्व वाचवायचा,
तेही टायरवाल्यांच्याच सौजन्यानं.

त्या रात्री मात्र पूर्ण तास. थेट प्रक्षेपण.
चर्चची चाळीस पोरं गाणार होती.
त्यांची बस काकाबेकाच्या वळणावर बर्फात रुतली.
पोहोचला तो फक्त पोस्टमास्तर, चालत,
मंगळावरचा हिरवा सांताक्लॉज व्हायला,
आणि उबेसाठी काय प्यायला कोण जाणे,
यानाच्या शिडीवर बसल्या बसल्या झोपला.
आत आम्ही साबणाचा चुरा उधळत होतो, बर्फ म्हणून.
बाहेरचा बर्फ दार उघडू देत नव्हता.

सतराव्या मिनिटाला ऑर्लिकजवळचं सगळं संपलं.
किरण-बंदूक कशी चालते ते दोनदा सांगून झालं.
मग त्यानं पत्रांची पिशवी ओढली.
तुमच्या ग्रहावर गाजर खावंच लागतं का?
अंतराळात शू कुठे करता?
(एइनो हसला, कॅमेरा हलला, गावभर आकाशगंगा हलली.)
मला रॉकेट नको, बूट द्या, तीन नंबरचे.

चौथं पत्र पेन्सिलीनं लिहिलेलं. केर्टूचं.
तुम्ही वर असता.
नोव्हेंबरात बाबांची बोट परत आली नाही.
तुम्हाला वरून दिसली का?

मोठ्यानं वाचून झालं, तेव्हा त्याला कळलं काय वाचलं.
मी घड्याळाकडे पाहिलं. अकरा सेकंद.
मी पडद्याआडून हातवारे केले, सांग ना,
दिसली म्हण, कुठल्यातरी ग्रहावर सुखरूप आहे म्हण.
दर शनिवारी अकलेचे तारे तोडणारा हा माणूस,
आज त्याला एक तोडून देता येईना.

त्यानं हेल्मेट काढलं.
चार वर्षांत कॅमेऱ्यासमोर कधी काढलं नव्हतं.
टक्कल, घाम, कानाला चिकटलेला माझा चंदेरी दोरा.
"केर्टू, मी पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.
मला नाही दिसली."
मग फिनिशमध्ये काहीतरी, हळू.
ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

मग टायरची जाहिरात.

एकशे बारा फोन आले. पोरं रडताहेत.
ऑर्लिकला केस कसे नाहीत?
सणासुदीला बुडाल्याचं काय काढलं?
मार्चमध्ये कार्यक्रम बंद.
टेपवर पुढे कर्लिंगची फायनल भरली.
केर्टूकडून काहीच आलं नाही, तेव्हाही, नंतरही.

लेहटोलानं कापड उलगडून पाहिलं:
आता हे मी कुणावर घालू?
आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, म्हणतात.
लावता येतं. सगळीकडे.
आमच्याकडे हिवाळा लांब असतो.
फक्त सप्तर्षीतला शेवटचा मी बुजवला नाही.
विसरले, असं लेहटोलाला सांगितलं.

एक्क्याऐंशीत ते राल्फवर घातलं.
लोक कॉफीकडे वळले तशी मी काठ चाचपत गेले.
सापडलं. करंगळी जाईल एवढं.
बोट घातलं.
पलीकडे लाकूड लागलं.