खुंटी

कुलूप दर उन्हाळ्यात खाऱ्या वाऱ्यानं धरतं
आणि एर्मेलिंदा बाई त्याला दर वर्षी तीच शिवी हासडतात,
मुलं नसतानाच देता येण्यासारखी.
मग ते उघडतं.

आत डिसेंबर अजून तसाच बसून आहे.
हवामानाच्या तक्त्यावर शेवटचा आठवडा:
पाऊस, पाऊस, वारा, पाऊस,
आणि शुक्रवारच्या चौकटीत ढगाऐवजी
कुणीतरी, बहुतेक एलिसेओनं, होडी काढलेली.
तक्ता कोरा करायचा म्हणून ओलं फडकं आणलं होतं.
होडीशी येऊन हात थांबतो.
राहू दे.

शेगडीतली राख दोन बादल्या निघाली.
पुठ्ठ्याचं घड्याळ उंदरांनी कुरतडलंय,
तीन ते पाच एवढंच,
म्हणजे नेमकी शाळा सुटल्यानंतरची वेळ.
बाई एकट्याच हसतात.
उंदीरसुद्धा या शाळेतले अभ्यासात कच्चे नाहीत.

मोठ्या बेटावरून लाँचनं आलेला कागद टेबलावर पडलाय:
वार्षिक नियोजन, चौदा रकाने, अपेक्षित निष्पत्ती.
सव्वीस वर्षं भरतायत त्या हे रकाने.
शब्द बदलत गेले, रकाने वाढत गेले,
पण कुठल्याच रकान्यात अजून जागा नाही,
की दानित्साला भागाकार येतो, पण फक्त बटाट्यांचा;
की चिग्वायांचा धाकटा रडायच्या आधी कान खाजवतो,
तेवढ्यात त्याच्यापाशी पोचायचं.
हे त्या समासात लिहितात, पेन्सिलीनं,
साहेबाला दिसणार नाही इतकं बारीक.

गेल्या वर्षी सात होती. यंदाही सातच,
पण तीच सात नव्हेत.
बेलार्मिनो गेला पोर्तो मोन्तला,
मासळीच्या कारखान्यात आईबापांना रात्रपाळी मिळाली म्हणून.
त्याचं अर्धं झालेलं लोकरीचं मोजं कपाटात सापडलं,
सुया अजून टाक्यांत.
आणि एक येतेय. विस्लांद, वय सहा.
बाप शिंपल्यांच्या दोरांवर कामाला, हैतीहून आलेला.

कोटांच्या खुंट्या सात.
शेवटची बेलार्मिनोची, सगळ्यांत वर, तो ताडमाड म्हणून.
बाईंनी स्टुलावर चढून तिचे स्क्रू काढले.
आता खाली लावायची,
पण खाली म्हणजे किती?

मग आईला फोन केला.
किती उंच आहे हो तुमची मुलगी?
पलीकडून वारा, कोंबड्या, आणि शब्द जुळवत जुळवत उत्तर:
माझ्या कमरेएवढी.
बाईंनी आभार मानून फोन ठेवला.
नंतर लक्षात आलं,
आईची कंबर तरी आपण कुठं पाहिलीय?

दवाखान्यातल्या नर्सनं तळहातावर चार शब्द लिहून दिलेत.
पाणी, बस, भूक, घर.
रिकाम्या बाकांसमोर उभं राहून बाई म्हणतात,
द्लो.
घोट गिळल्यासारखा शब्द, हा लगेच जमला.
शिता. ग्रांगू.
लाकाय म्हणताना मात्र आवाज फुटतो,
कारण घर म्हणायचं तर जीभ टाळूला नीट टेकावी लागते
आणि त्यांच्या पुढच्या दाताची कवळी सैल आहे.
नाव तर तीनदा चुकलं.
बाकं काही बोलली नाहीत.
सोमवारी मुलं बोलतील.

मग खडूंची खोकी. ओल आलेले खडू शेगडीवर ताटात पसरले.
खुर्च्यांचे पाय ठोकले, एकाचे राहिले.
नियोजनाचे पाच रकाने भरले, नऊ तसेच.
भिंतीवर स्क्रूची दोन भोकं उघडी,
ती बुजवली नाहीत.
सोमवारी पोर दारात उभी राहील कोट घेऊन,
तिला म्हणायचं, हात वर कर बघू,
आणि बोटं पोचतील तिथं खूण.
पण हे कसं म्हणायचं ते नर्सला विचारायचं राहूनच गेलं.
करून दाखवू.

रात्री घरी, एप्रन झटकताना
खुंटी खण्णकन जमिनीवर पडते.
चुलीपाशी बटाटे सोलणारी थोरली बहीण दचकते,
काय गं ते?

विस्लांद, बाई म्हणतात,
आणि या वेळी नाव बरोबर उमटतं.