मोजणी

निलोफर दळवी, राहणार कौसा,
हिचा अर्ज आज पुन्हा उघडला.
मायना नाही, प्रस्तावना नाही :
तुमची भाषा 'स्त्री' हा शब्द सहा मोजते.
माझ्या शिकवणीतली मुलं एक मोजतात.
मुलं बरोबर आहेत.

खाली तिने स्वतःचं आडनाव उलटं करून दाखवलंय.
वेलांटी सगळ्यात पुढे आलेली,
धरायला अक्षर नाही,
ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळाला लटकलेली.

स्टँडर्ड लायब्ररीत काय राहील ते आम्ही तिघं ठरवतो :
नेरूळचा अच्युतन, दिवाळ्याचा हरेश्वर, आणि मी.
पगार नाही. सही आहे.
लोक मागतात : चलनांचे भाव, चंद्राच्या कला,
एकाने तर पत्रिका जुळवणारं फंक्शन पाठवलं होतं,
चाचण्यांसकट,
आणि छत्तीसच्या छत्तीस चाचण्या उत्तीर्ण.
नाही म्हणायला मला आता वेळ लागत नाही.
आजच्या नाहीचं उद्या हो करता येतं.
उलट करता येत नाही,

हे मला 'उपलब्द'ने शिकवलं.
अकरा वर्षांपूर्वी, रात्री दीडला, घाईत,
ध चा मा नव्हे, ध चा द.
आठवड्याने लक्षात आलं, तोवर
पनवेलच्या एका इस्पितळात खाटा मोजायला तो लागला होता.
आजही लागतो.
शुद्ध केला तर खाटा नाहीशा होतील.
नवी पोरं तसंच लिहायला शिकतात,
आणि मला वाटतं, काहीजण कागदावरही.

संध्याकाळी वाशीच्या धारण तलावावर जाते.
शहर आखताना हा खड्डा मुद्दाम रिकामा सोडला.
भरतीला झडपा मिटतात, खाडी बाहेर थांबते,
नाल्यांचं पाणी इथे येऊन बसतं,
ओहोटी लागली की झडपा आपल्या आपण उघडतात.
एवढंच काम. एरवी नुसता गाळ,
आणि गाळात शिरत चाललेली तिवरं.
म्हणून दर निवडणुकीला कुणीतरी विचारतं,
एवढी जागा वाया का?
फूड कोर्ट. वाहनतळ. रंगीत कारंजं.
कारंज्याचं चित्र मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिथेच फोन आला.
अच्युतन म्हणाला, अक्षरं मोजायची तर तक्ता लागेल,
जगातल्या सगळ्या लिप्यांचा, दरवर्षी वाढणारा,
तो आपल्यामागे कोण सांभाळणार?
मग आवाज खाली आणून :
आमच्या मल्याळममध्येही हीच रड आहे म्हणा.

हरेश्वर म्हणाला, बाहेर ठेवू वेगळं.
ज्याला हवं तो घेईल.

मी म्हटलं, कारंजं बाहेर ठेव.
पण झडप?
ज्याला हवी त्याने आपापल्या घरासमोर बसवायची?

झडपा गंजतात, ताई, तो म्हणाला.
त्याचे वडील खाडीवरचे. त्याला माहीत असणार.
मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.
फोनमध्ये तिघांकडचा वारा.

घरी येऊन अर्ज शेवटपर्यंत वाचला.
दोनदा वाचूनही सुटलेली ओळ, अगदी तळाशी :
तक्ता मी सांभाळेन. माझं वय एकोणीस आहे.

जुनी 'लांबी' तशीच राहील, सहाच म्हणत राहील;
तिच्यावरही कुणाकुणाचे संसार उभे आहेत.
शेजारी नवं येईल.
नावावरून अडीच तास वाद झाला, तो इथे सांगत नाही.

शेवटी नाव टाइप केलं : अक्षरे.
पडद्यावर बोट ठेवून तीनदा वाचलं,
ध कुठे नाही, द कुठे नाही, याची खात्री केली.
मग तेच नाव दोघांकडे मोजायला दिलं.
जुनं म्हणालं, सहा.
नवं म्हणालं, तीन.

मी बोटांवर मोजून पाहिलं.