गड्डा

आईला मराठी यायची, पण विडीपुरती.
हजार, पुडा, छाट, हप्ता,
"पान ओलं दिलंत, शेठ."
स्वतःच्या अंगाचं मात्र
तिच्याकडे सगळं तेलुगूतच होतं.

म्हणून सिव्हिलला मी गेलो, दुभाषा.
चौथीत होतो. शाळा बुडाल्याचा आनंद.

खिडकीवर ती स्वतःच म्हणाली: गड्ड.
आतला माणूस हसला.
"गड्डा जानेवारीत, मावशी. आत्ता जुलै चाललाय."
रांग हसली. मीही हसलो,
मला खरंच आकाशपाळणा दिसला,
आणि लाल काचांचा प्लास्टिकचा चष्मा.

डॉक्टर शिकाऊ, घामेजलेला.
"काय होतंय, विचार."
आई बोलली, माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत.
रोम्मु. डावा. सूप मांडीवर घेतलं की काठ लागतो.
त्या शब्दाला मराठीत मला दोनच शब्द माहीत होते.
एक गल्लीतला, त्याला मार बसायचा.
दुसरा पुस्तकातला. तो दिला:
"छातीत दुखतं."
दुखतं असं ती म्हणालीच नव्हती.

"विडी वळते ना?" त्यानं मान वर न करता लिहिलं,
जणू अख्ख्या घरकुलाला एकच आजार
आणि तो त्याचा पाठ झालेला.
फोटो काढला. फुप्फुसं स्वच्छ.
खोकल्याचं औषध मिळालं.
तिला खोकला नव्हता. बाटली मी संपवली, गोड होती.

त्याच वर्षी (हे फार पुढे कळलं)
शेठच्या बायकोलाही गाठ निघाली, वाटाण्याएवढी.
पुण्यात तपासली, पुण्यातच काढली.
कुणाचं पोर सोबत न्यावं लागलं नाही.
हप्त्याच्या दिवशी ती अजून गल्ल्यावर बसते.

आमच्या आईला बाई डॉक्टर भेटली
ती संक्रांतीच्या आठवड्यात.
तिनं मला काही विचारलं नाही.
पडदा ओढला, हात लावून पाहिलं,
आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले.
बाहेर नंदीध्वज निघालेले, रस्ते बंद,
रिक्षा मिळेना. चालत आलो.
खिडकीवरचा माणूस खोटं बोलला नव्हता.

आता तो शब्द मला चार भाषांत येतो.
मुलीला मी तो जेवताना शिकवला,
मीठ म्हणावं तसा.
बायको म्हणाली, ताटावर काय हे, दासरी.

सूप माळ्यावर आहे.
मागच्या दिवाळीत खाली काढलं तेव्हा दिसलं:
डाव्या काठाला जुन्या लुगड्याची पट्टी,
दुहेरी टाक्यांनी शिवलेली.
लागू नये म्हणून.
तंबाखूनं काळी पडलेली, म्हणजे
त्या जुलैच्या कितीतरी आधीची.